पदवी घ्यावी की घेऊ नये

बारावीचा निकाल जाहीर झाला, की महाराष्ट्रातील बहुसंख्य घरांत जी खलबते सुरू होतात, ती कोणत्या महाविद्यालयात प्रवेश घ्यावा याविषयीची असतात. महाविद्यालयात जावेच का, हा प्रश्न त्यांत क्वचित निघतो, आणि निघालाच तर गुण कमी पडलेल्या मुलाची समजूत घालण्यासाठी किंवा घरची ओढगस्त झाकण्यासाठी निघतो. वास्तविक ज्या व्यवहारात तारुण्याची तीन-चार वर्षे आणि कुटुंबाच्या कमाईचा मोठा हिस्सा गुंतवावयाचा, त्याची चौकशी निदान जमीनखरेदीइतकी व्हावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. जमीन घेताना आपण सातबारा पाहतो, फेरफार पाहतो, बोजा चढला आहे की उतरला ते तलाठ्याला विचारतो. विद्यापीठाच्या बाबतीत मात्र शेजाऱ्याचा मुलगा गेला म्हणून आपला गेला, एवढ्यावर खरेदीखत पुरे होते. या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही, असे म्हणणे जितके खरे तितकेच निरुपयोगी आहे. कोणासाठी कोणते उत्तर, हे पुष्कळ अंशी सांगता येते. मात्र त्यासाठी आपल्याकडील विद्यापीठ मुळात कशाकरिता निर्माण झाले, येथून आरंभ करावा लागतो.

भारतातील आधुनिक विद्यापीठांच्या स्थापनेमागे ज्ञानाची आस मुळीच नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण सरकारी दप्तराची गरज त्या आसेहून अधिक निकडीची होती. १८४४ साली गव्हर्नर-जनरल हार्डिंग यांनी ठराव करून इंग्रजी शिकलेल्या उमेदवारांना सरकारी नोकरीत अग्रक्रम देऊ केला. १८५४ साली शिक्षणविषयक धोरण सांगणारा वुडचा खलिता आला. आणि १८५७ साली, उत्तर हिंदुस्थानात बंडाची धामधूम चाललेली असताना, कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे तीन विद्यापीठे कायद्याने अस्तित्वात आली. या तिन्ही विद्यापीठांनी जो नमुना समोर ठेवला, तो ऑक्सफर्ड-केंब्रिजचा नसून तत्कालीन लंडन विद्यापीठाचा होता. म्हणजे जी संस्था स्वतः शिकवीत नाही, महाविद्यालयांना संलग्न करून घेते, परीक्षा घेते आणि पदव्या देते, तिचा. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभारलेला राजाबाई मनोरा १८७८ साली पुरा झाला, तरी त्याच्या सावलीत बसून विद्यापीठाचे स्वतःचे म्हणता येईल असे अध्यापन ऐकावयास विद्यार्थ्याला आणखी चार दशके थांबावे लागले. १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग पॅट्रिक गेडीस यांच्या हाती सोपविला गेला, त्या सुमारास ही उणीव भरून निघू लागली. आपल्या विद्यापीठाचा पिंड असा प्रथमपासूनच दाखला देणाऱ्या कचेरीचा आहे, आणि आज त्याच्याविषयी ज्या तक्रारी आपण नव्या समजून करतो, त्यांतील निम्म्याशिम्म्या या जन्मकथेतच लिहून ठेवलेल्या आहेत.

१८६२ साली मुंबई विद्यापीठाची पहिली बी.ए. ची परीक्षा झाली, आणि महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे या इलाख्याचे पहिले पदवीधर ठरले. रानडे पुढे न्यायासनावर बसले, भांडारकरांनी संस्कृत विद्येची पीठे गाजविली. परंतु त्यांच्या मागून आलेल्या शेकडो तरुणांना त्या विद्वत्तेपेक्षा तिच्यामुळे मिळालेला हुद्दा अधिक स्पष्ट दिसला, यात नवल नाही. पाहता पाहता एक शिडी तयार झाली. व्हर्नाक्युलर फायनल झालेल्याने तलाठी किंवा शाळामास्तर व्हावे, मॅट्रिक झालेल्याने कारकुनी धरावी, आणि पदवीधराने मामलेदारीकडे किंवा, कायद्याची परीक्षा दिली असेल तर, मुनसफीकडे डोळे लावावेत, असा शिरस्ता पडला. गोपाळ गणेश आगरकरांना एम.ए. च्या वेळी आपल्या आईस पत्र लिहून, मुलाच्या मोठ्या परीक्षांवरून मोठ्या पगाराचे मनोरथ करू नकोस, असे कळवावे लागले. हे पत्र त्यागाचा नमुना म्हणून आपण वाचतो. पण त्या काळी टेंभूसारख्या खेड्यातील मातेला पदवी म्हणजे काय वाटत होते, याचाही तो पुरावाच आहे, आणि तिचे वाटणे मुळीच चुकीचे नव्हते.

शिडीचे पुढे काय झाले, हे पाहण्यास एकच दाखला पुरे आहे. ज्या तलाठ्याला एके काळी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पुरत असे, त्या पदासाठी आता कोणत्या तरी शाखेची पदवी लागते. आणि २०२३ साली महाराष्ट्रात तलाठ्यांच्या ४,६४४ जागा निघाल्या, तेव्हा दहा लाखांहून अधिक अर्ज आले. पीकपाहणी, फेरफाराच्या नोंदी, सारावसुली हे काम मधल्या काळात संगणकावर आले हे खरे. तरी ते करण्यास बी.ए. च्या तीन वर्षांतील नेमके कोणते ज्ञान उपयोगी पडते, हे त्या खात्यालाही सांगता येणार नाही. पदवीधरांची संख्या वाढली म्हणून अट वाढविली, अट वाढली म्हणून पदवीधरांची संख्या आणखी वाढली, असे हे रहाटगाडगे आहे. पुण्याच्या सदाशिव पेठेत आणि नव्या पेठेत अभ्यासिकांच्या खुर्च्या महिन्याच्या भाड्याने घेऊन जे हजारो तरुण वर्षानुवर्षे बसलेले दिसतात, त्यांच्यापैकी अनेकांच्या लेखी पदवी हा रांगेत उभे राहण्याचा परवाना असून रांग पुढे सरकेलच, अशी हमी तिच्यात कोठेही दिलेली नसते. स्पर्धापरीक्षेसाठी पदवी घेणाराने म्हणूनच तीन वर्षांचा हिशेब न करता सहा-सात वर्षांचा करावा, आणि यश न आल्यास सत्ताविसाव्या वर्षी आपण कोठे असू, हे अठराव्या वर्षीच स्वतःस विचारावे.

या दुरवस्थेची चिन्हे आरंभीच्या काळात कोणाच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनी जे निवेदन सादर केले, ते आजही मुळातून वाचण्याजोगे आहे. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग कष्टकरी रयतेच्या घामातून येत असता तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, ही त्यांची तक्रार सर्वपरिचित आहे, आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे ही मागणीही. पण त्याच निवेदनात आणखी दोन मुद्दे आहेत, त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. शिकलेल्यांनी नोकरीकडे डोळे न लावता उपयुक्त आणि किफायतशीर धंद्यांत पडावे, हा एक. आणि विद्यापीठाने प्रवेशपरीक्षेस खाजगी रीतीने बसण्याची जी सवलत दिली आहे, ती बी.ए., एम.ए. या वरच्या परीक्षांनाही द्यावी, म्हणजे घरी अभ्यास करून पुष्कळ तरुण पुढे येतील, हा दुसरा. ज्याला महाविद्यालयाचा खर्च झेपत नाही, त्यालाही पदवीचा मार्ग मोकळा असावा, ही मागणी आपल्या राज्यात खऱ्या अर्थाने मान्य होण्यास १९८९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी नाशिकला यशवंतराव चव्हाण यांच्या नावाचे मुक्त विद्यापीठ निघाले.

स्वातंत्र्यानंतर १९४८-४९ साली डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने, शासकीय सेवांसाठी पदवीची अट असू नये, त्यासाठी स्वतंत्र परीक्षा घ्याव्यात, अशी शिफारस केली. १९८६ च्या शैक्षणिक धोरणाने निवडक क्षेत्रांत नोकरी आणि पदवी यांची फारकत करण्याचे पुन्हा घोषित केले. फारकत झाली नाही. उमेदवाराची खरी पारख करणे कष्टाचे आणि खर्चाचे असते, पदवीची अट घालणे फुकटात होते. दहा लाखांची चाळण करावयाची असेल, तर कोणताही हुद्देदार फुकटची चाळणी प्रथम उचलील. शिवाय पदवीधर हा आपल्याकडे एक मानाचा वर्ग होऊन बसला आहे. राज्यघटनेच्या १७१ व्या कलमाने विधानपरिषदेत त्याच्यासाठी वेगळे मतदारसंघ राखले आहेत, आणि महाराष्ट्रात त्यांची संख्या सात आहे. शेतकरी, गवंडी किंवा कातारी यांना असा स्वतंत्र मतदारसंघ देण्याची कल्पना घटनाकारांना सुचली नाही, अथवा सुचली असल्यास टिकली नाही. लग्नाच्या बाजारात पदवीला जो भाव आहे, त्याविषयी वधू-वरांच्या जाहिराती वाचणाऱ्यास वेगळे सांगणे नलगे.

आता अर्थशास्त्रज्ञांकडे वळू. या प्रश्नावर त्यांचे दोन पक्ष आहेत. गॅरी बेकर यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की शिक्षण ही माणसात केलेली भांडवली गुंतवणूक होय. ती माणसाची कार्यक्षमता वाढविते, म्हणून त्याला वेतन अधिक मिळते. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली याच्या उलट बाजूवर बोट ठेवले. मालकाला उमेदवाराच्या अंगचे गुण दिसत नाहीत. पण जो मनुष्य कंटाळवाणा अभ्यास चिकाटीने पुरा करू शकतो, तो बहुधा कामसूही असेल, अशा अनुमानाने मालक पदवीकडे एक खूण म्हणून पाहतो. शिकविलेले काही उपयोगी पडो वा न पडो, खुणेची किंमत मिळते. दोन्ही पक्षांत तथ्य आहे, आणि प्रमाण विषयागणिक बदलते. शल्यचिकित्सकाच्या पदवीत भांडवलाचा अंश फार, मिळेल त्या शाखेत घेतलेल्या पदवीत खुणेचा अंश फार. पण व्यवहारात उपयोगी पडणारा एक निष्कर्ष यातून निघतो. पदवीच्या अखेरच्या वर्षात पहिल्या दोन वर्षांच्या मानाने काही दुप्पट ज्ञान मिळत नाही, तरीही पदवी पुरी केलेला आणि एक वर्ष आधी सोडून गेलेला यांच्या वेतनातील अंतर केवळ एका वर्षाच्या शिक्षणाने समजावून सांगता येईल त्याहून मोठे असते, असे अनेक पाहण्यांत आढळले आहे. म्हणजे सर्वांत तोट्याचा सौदा पदवी न घेण्याचा नसून ती अर्धवट टाकण्याचा आहे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका आणि तीन वर्षांनंतर पदवी देऊन बाहेर पडण्याची सोय केली, तिचा हेतू चांगला आहे. मात्र एका वर्षाच्या त्या प्रमाणपत्राला कारखान्यात किंवा कचेरीत कोणी विचारील, यावर विसंबून कोणी प्रवेश घेऊ नये.

पदवीच्या विरोधकांचे आवडते हत्यार म्हणजे बेकारीचे आकडे. श्रमशक्तीच्या २०२२-२३ च्या सरकारी पाहणीत एकंदर बेकारीचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास, तर पदवीधरांमधील तेरा टक्क्यांच्या आसपास होते. यावरून शिकल्याने माणूस बेकार होतो, असे अनुमान काढणारे महाभाग आहेत. अनुमान चुकीचे आहे. ज्याच्या घरी दुसऱ्या दिवसाचे पीठ नाही, त्याला बेकार राहणे परवडत नाही. तो मिळेल त्या मजुरीवर उभा राहतो आणि पाहणीत कामकरी म्हणून गणला जातो. पदवीधर मात्र पदवीला साजेशी नोकरी मिळेपर्यंत थांबतो, कारण थांबण्याइतके बळ घरात असते किंवा कर्जाने उभे केलेले असते. आकडा जे सांगतो ते इतकेच, की पदवीधरांच्या अपेक्षा आणि उपलब्ध जागा यांच्यात मोठी तफावत आहे. पदवी घेऊनही हलक्या कामाची लाज न बाळगणाऱ्या तरुणाला हा तेराचा आकडा फारसा लागू पडत नाही.

दुसरे हत्यार म्हणजे पदवीवाचून मोठे झालेल्यांची चरित्रे. महाराष्ट्रात या संदर्भात लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव घेण्याचा प्रघात आहे, आणि ते घ्यावेच. मात्र संपूर्ण घ्यावे. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आले, काही रंग आपल्याला नीट ओळखू येत नाहीत असे आढळल्यावर रंगचित्रांचा नाद सोडून ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले, व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षक झाले, बढतीत डावलले गेल्यावर नोकरी सोडून बेळगावास आले, भावाच्या साह्याने सायकलींचे दुकान चालविले, कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर केले, आणि बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या ओसाड जमिनीवर १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. या कथेत पदवी नाही हे खरे. पण शिक्षण नाही असे कोण म्हणेल? कलाशाळेतील वर्षे, तंत्रशाळेतील यंत्रे आणि ग्रंथ यांचा सहवास, रामुअण्णांसारखा पाठीशी उभा राहणारा वडील बंधू, आणि वेळेला धावून आलेला एक दूरदर्शी संस्थानिक, एवढे सारे जमेला धरल्यावर मग पदवीची वजाबाकी करावी. आणि याच लक्ष्मणरावांनी आपला मुलगा शंतनुराव यास शिक्षणासाठी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत पाठविले. तो १९२६ साली तेथून अभियंता होऊन परतला. स्वतः पदवीवाचून जगलेल्या कर्त्या पुरुषाने मुलाच्या बाबतीत काय केले, हे पाहणे अशा चरित्रांत नेहमीच उद्बोधक असते.

किर्लोस्करांचे नांगर खेडोपाडी फिरून विकणाऱ्यांत एक मॅट्रिक न झालेला गृहस्थ होता, त्याचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील. शेतकऱ्याच्या दारात उभे राहून त्याच्या अज्ञानाची किंमत ज्याने प्रत्यक्ष पाहिली, त्या या माणसाने १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, मुलांना खडी फोडावयास आणि शेत कसावयास लावून त्यांच्या शिक्षणाचा खर्च त्यांच्याच श्रमांतून उभा केला, आणि १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय स्थापन केले. पदवी निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष काढण्याचा अधिकार भाऊरावांना पुरेपूर होता. त्यांनी तो काढला नाही. ज्यांच्यापाशी जमीन तुटपुंजी, भांडवल शून्य आणि कचेरीत ओळख नाही, त्यांना वर येण्यास दुसरा जिना नाही, हे त्यांना ठाऊक होते.

याच बाबीची सर्वांत कठोर साक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात आहे. १९१२ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी.ए. झाल्यावर सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे जॉन ड्यूई आणि सेलिग्मन यांच्या व्याख्यानांना बसले. १९१७ साली करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही, आणि कचेरीतील शिपाई त्यांच्या मेजावर कागद दुरून टाकीत. पदवीने दप्तराचे दार उघडले, माणसांची मने उघडली नाहीत. तरीही बाबासाहेबांनी पदवीचा मार्ग सोडला नाही. लंडनला परत जाऊन १९२३ साली डी.एस्सी. मिळविली, बॅरिस्टर झाले, आणि पुढे १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापून मुंबईस सिद्धार्थ व औरंगाबादेस मिलिंद ही महाविद्यालये उभी केली. ज्याला वतन नाही, तारण नाही, वशिला नाही, त्याच्यापाशी कोणालाही हिरावून घेता न येणारा असा एकच दस्तऐवज असू शकतो, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते.

या अनुभवाला पुढे आकड्यांचे पाठबळ मिळाले, ते परदेशातून. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेतील नामांकित महाविद्यालयांत प्रवेश मिळत असूनही जे विद्यार्थी साध्या महाविद्यालयात गेले, त्यांची पुढील कमाई नामांकित महाविद्यालयांत गेलेल्यांच्या बरोबरीची होती, असे त्यांना आढळले. म्हणजे यश संस्थेच्या नावात नसून विद्यार्थ्याच्या अंगी होते. याला एक अपवाद निघाला. गरीब घरांतून आलेल्या विद्यार्थ्यांना चांगल्या महाविद्यालयाचा लाभ स्पष्ट झाला होता. प्रस्तुत लेखकाच्या मते साऱ्या प्रश्नाची गुरुकिल्ली या अपवादात आहे. पदवीचे मोल ती घेणारा ज्या घरातून येतो, त्या घराच्या बळाच्या व्यस्त प्रमाणात असते. बापाचा चालता कारखाना, काकांची वकिली किंवा मामाची पेढी ज्याच्या पाठीशी आहे, त्याला पदवी टाळूनही फारसे काही गमवावे लागत नाही; आणि दुर्दैव असे, की पदवीत काही अर्थ नाही हा उपदेश नेमका अशाच घरांतून, बहुधा पदवीधरांकडूनच, ज्यांच्यापाशी तिच्यावाचून काहीच नाही त्यांना केला जातो. असा उपदेश करणाराची मुले कोठे शिकतात, एवढे विचारावे आणि मग ऐकावे.

आता व्यवहाराचा भाग. प्रथम कायद्याची अट पाहावी. वैद्य, वकील, वास्तुविशारद, प्राध्यापक व्हावयाचे असेल, अथवा राज्यसेवेची परीक्षा द्यावयाची असेल, तर पदवीला पर्याय नाही आणि वादही नाही. पण पुष्कळ धंद्यांत पदवीवाचून चालते, हे पालकांना ठाऊक नसते. सनदी लेखापालाचा मार्ग बारावीनंतर थेट खुला आहे, आणि त्यातील उमेदवारीच्या काळात थोडेबहुत विद्यावेतनही मिळते. औषधांचे दुकान चालविण्यास लागणारी नोंदणी औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेवर होते. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घेणारा मुलगा मनात आल्यास पुढे अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊ शकतो, आणि मनात न आल्यास विसाव्या वर्षाच्या आत कमावता होतो. आयटीआयमधून फिटर, टर्नर किंवा वीजतंत्री झालेल्यास १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनावर शिकता येते. चांगल्या वीजतंत्र्याची कमाई कित्येक बी.कॉम. झालेल्या हिशेबनिसांपेक्षा अधिक असते, हे पुण्या-मुंबईत घर बांधणाऱ्या कोणासही विचारावे. त्याला मुलगी द्यावयास मात्र लोक अजून का-कू करतात, आणि हा दोष त्या विद्येचा नाही.

खर्चाच्या हिशेबात सर्वांत मोठी रक्कम बहुधा मांडलीच जात नाही. शुल्क, वसतिगृह, खानावळ, पुस्तके यांची बेरीज सर्वजण करतात. परंतु जो मुलगा आज दरमहा बारा हजार रुपये मिळवू शकला असता, त्याने तीन वर्षांत ४,३२,००० रुपये मिळविले नाहीत, हीदेखील खर्चाचीच बाब आहे. गरीब घरात हीच बाब शुल्काहून जड जाते, आणि शुल्कमाफी मिळूनही मुले का गळतात याचे कारण तीच असते. खाजगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना १९८३ साली परवानगी मिळाल्यापासून शुल्काचा आकडाही लहान राहिलेला नाही. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सामान्यतः तारण मागतात. अशा वेळी राहते घर किंवा बागाईत गहाण टाकून दुय्यम प्रतीच्या महाविद्यालयात, केवळ अभियंता म्हणवून घेण्यासाठी, मुलाला पाठविणे हा निव्वळ अविचार होय. उलट सरकारी किंवा अनुदानित महाविद्यालयात कमी शुल्कात प्रवेश मिळत असेल, आणि घरचा चरितार्थ मुलाच्या कमाईवाचून चालत असेल, तर न जाण्याचे कारण शोधूनही सापडणे कठीण.

मुलींच्या बाबतीत हा सारा हिशेब निराळा होतो. १९१६ साली धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ काढले, तेव्हा ज्या अडचणी होत्या त्यांतील काही अद्याप गेलेल्या नाहीत. अनेक गावांत महाविद्यालय हे मुलीला घराबाहेर पडण्याचे एकमेव सर्वमान्य निमित्त आहे. ते बंद झाले, की दुसरे वर्ष उजाडण्यापूर्वी स्थळे पाहण्यास आरंभ होतो. अशा मुलीच्या पदवीची किंमत भावी वेतनात मोजणारा अर्थशास्त्रज्ञ हिशेबात पक्का असेल, पण तो खेड्यात राहिलेला नाही. तिला कोणत्याही शाखेत, कोणत्याही महाविद्यालयात जाता आले तरी जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढचा विचार तीन वर्षांनी तिचा तिला करता येईल.

केवळ ज्ञानाच्या ओढीने जाणारांविषयी थोडेच सांगावयाचे आहे, कारण त्यांना सल्ल्याची गरज नसते. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर फर्ग्युसनमधून १९२९ साली पदवीधर झाले, पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही, आणि तरीही ६१७४ ही त्यांनी हेरलेली संख्या जगभरच्या गणितज्ञांना परिचित आहे. विद्यापीठ अशा माणसाला घडवीत नाही. पण सुरुवातीला त्याला ग्रंथालय, चार समानधर्मी मित्र आणि एखादा खरा शिक्षक देऊ शकते. तेवढे मिळत असेल तर ते थोडे नव्हे.

भारतात अठरा ते तेवीस वयोगटाच्या मानाने उच्च शिक्षणात असलेल्यांचे ढोबळ प्रमाण २०२१-२२ च्या पाहणीत शेकडा अठ्ठावीसच्या घरात होते. तेव्हा जे जात नाहीत ते बहुसंख्य आहेत, आणि न जाण्यात लाजिरवाणे काही नाही. मात्र जावयाचे ठरविले असेल, तर प्रवेश-अर्जाची मुदत संपण्यापूर्वी पालकांनी मुलाला सोबत घेऊन त्या महाविद्यालयात एखाद्या कामाच्या दिवशी, जुलै-ऑगस्टमध्ये नव्हे तर शक्यतो जानेवारीत, दुपारी जाऊन यावे. वर्गात विद्यार्थी बसलेले आहेत काय, शिक्षक कायम नेमणुकीवर आहेत की तासिका तत्त्वावर, प्रयोगशाळेच्या उपकरणांवर धूळ आहे की बोटांचे ठसे, ग्रंथालयातून पुस्तक घरी नेता येते की नाही, हे डोळ्यांनी पाहावे. नंतर तेथूनच दोन-तीन वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेल्या चार-पाच जणांना गाठून ते सध्या काय करतात ते विचारावे. माहितीपत्रकावरील छायाचित्रांतून यांपैकी एकाही गोष्टीचा उलगडा होत नाही, आणि एकदा शुल्क भरल्यावर ते परत मिळविण्यासाठी कराव्या लागणाऱ्या दरखास्तींचा अनुभव फार थोड्यांना सुखाचा आलेला आहे.